रिमांड होममधल्या मुलांचे मार्गदर्शक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या संस्थेत नव्या स्वयंसेवकांची बैठक झाली की फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. बाल न्याय कायदा देशभर एकच असला, तरी इथली माहिती महाराष्ट्रातल्या कामाच्या अनुभवावर बेतलेली आहे.

मार्गदर्शक म्हणजे नक्की कोण? समुपदेशक की शिक्षक?

दोन्ही नाही. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, मुलांचे ‘पीओ सर’), अधीक्षक, समुपदेशक, वकील ही सगळी माणसं मुलाच्या आयुष्यात त्याच्या फाइलमुळे येतात. मार्गदर्शक ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, कुणी सांगितलं नसताना येतो. त्याने अहवाल लिहायचा नसतो आणि जामिनावर मतही द्यायचं नसतं. म्हणूनच मुलं त्याच्याशी वेगळं बोलतात.

कल्पना जुनी आहे. बॉस्टनमधल्या जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्या कारागिराने १८४१ मध्ये कोर्टात उभ्या असलेल्या एका दारुड्याची हमी घेतली, पुढे मुलांचीही घेऊ लागला. परिविक्षेची, म्हणजे कैदेऐवजी देखरेखीखाली सोडण्याची, सुरुवात तिथे मानतात. न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयातले कारकून अर्नेस्ट कोल्टर यांनी १९०४ मध्ये एकेका मुलामागे एकेक मोठा माणूस उभा राहावा म्हणून शहरातल्या लोकांना साद घातली. मुंबईही मागे नव्हती. डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ ची, मुंबई बालक कायदा १९२४ चा, आणि डोंगरी-उमरखाडीचं निरीक्षणगृह चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची. इमारती आणि कायदे आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहेत. कमतरता आहे ती दर आठवड्याला येणाऱ्या माणसांची.

रिमांड होम म्हणजे मुलांचा तुरुंगच ना?

नाही, निदान कायद्याने तरी नाही. २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणायचं, ‘आरोपी’ किंवा ‘गुन्हेगार’ नाही. त्याला पोलिस कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात; त्या दोघांपैकी एक तरी महिला हवी.

चौकशी चालू असताना मूल राहतं ते निरीक्षणगृह. लोक त्यालाच अजून रिमांड होम म्हणतात. आरोप सिद्ध झाल्यावर मंडळाने पाठवलं तर विशेषगृह, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. मुंबई-पुण्याबाहेर अनेक जिल्ह्यांत ही निरीक्षणगृहं जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवतात.

भिंती उंच असतात, फाटकाला कुलूप असतं आणि मुलं खोलीला बिनदिक्कत ‘बॅरक’ म्हणतात, हेही खरं. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते खटकतं.

पण निबंध लिहायला लावून सोडून देतात म्हणे. मग मार्गदर्शक कशाला?

मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर हा प्रश्न हमखास येतो. तिथे दोन तरुण जीव गेले आणि त्याच दिवशी मंडळाने गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण ती जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे. आणि ज्या मुलांसोबत आपण बसतो, त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या बापाला रात्रीतून वकील उभा करता येतो. आपल्या मुलांची अडचण उलटीच. जामीन मंजूर होतो, पण घ्यायला कुणी येत नाही. बाप ऊसतोडीला गेलेला, आई घरकामाला जाते आणि खाडा केला तर काम जातं, आणि मंडळाचं ऑफिस कुठे आहे हे दोघांनाही माहीत नाही. कायद्याचा कल सोडण्याकडे आहे. मुलाला जामीन नाकारायचा तर सोडल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतू फसेल, असं सबळ कारण लागतं. घरचं माणूसच दिसत नसेल, तर ते कारण आपोआप तयार होतं.

मला सुरुवात करायची आहे. थेट गेलं तर चालेल?

चालणार नाही, आणि चालू नयेच. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करा, नाहीतर आधीपासून परवानगी असलेल्या संस्थेसोबत जा. ओळखपत्र, फोटो, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आणि बालसंरक्षणाच्या नियमांवर सही एवढं लागतंच. दाखल्याला वेळ लागतो. तोवर कायदा वाचून घ्या.

शिक्षणाची अट नाही. उत्तम मार्गदर्शकांत बसचे वाहक आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, सलूनवाले आहेत. एकच गोष्ट बघतो: पुढचं निदान वर्षभर दर आठवड्याला दीड तास देता येईल का. ‘जमेल तेव्हा येईन’ म्हणणाऱ्याला आम्ही दुसरं काम देतो.

वर्षाचा आग्रह का? सहा आठवडे यायला काय हरकत आहे?

या मुलांना सोडून गेलेली माणसं पुष्कळ बघून झालेली असतात. तुम्ही त्यांत भर घालू नये, एवढंच. अमेरिकेतल्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स या मार्गदर्शक-मुलाच्या जोड्या लावणाऱ्या कार्यक्रमावरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमध्ये मुलांना सर्वाधिक फायदा दिसला; तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा आत्मविश्वास आधीपेक्षा खाली गेला. म्हणजे अर्धवट केलेलं हे काम नुसतं वाया जात नाही, ते इजा करतं.

बदली झाली, आजारपण आलं, तर आधी सांगा. शेवटची भेट ठरवून घ्या, नवा माणूस त्या भेटीला सोबत आणा. व्हॉट्सॲपवर आम्हाला ‘सॉरी, जमणार नाही’ टाकून गायब होऊ नका.

पहिल्या भेटीत काय बोलायचं? कोणत्या केसमध्ये आलाय हे विचारू का?

विचारू नका. तो स्वतःच सांगेल, बहुधा आकड्यात. ‘ताई, मी तीनशे सातमध्ये आलोय.’ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ झालं, पण बॅरकमध्ये अजून जुनेच आकडे चालतात. आकडा ऐकून चेहरा बदलू देऊ नका. तो तेच बघत असतो.

कॅरम घेऊन बसा. समोरासमोर खुर्च्या टाकून ‘बोल बाळा’ म्हटलं की पोरगं मिटतं. सोंगट्या लावता लावता बोलतं. बहुतेक निरीक्षणगृहांत कॅरम असतो, बोर्डवर पावडर नसते, राणी कधीच हरवलेली असते आणि तिच्या जागी बाटलीचं झाकण ठेवतात. त्या झाकणाला पॉकेट केल्यावर कव्हर द्यायचं की नाही, यावर तासभर वाद होतो. त्या वादात तो मुलगा हरल्यावर काय करतो, नियम कुणाच्या सोयीने बदलतो, लहान पोराला खेळायला देतो का, हे सगळं दिसतं. गृहचौकशीच्या अहवालात यातलं काही नसतं.

तो तुम्हाला एक प्रश्न नक्की विचारेल: ‘माझी तारीख कधी आहे?’ माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ‘लवकरच सुटशील’ हे वाक्य कुणीही, कधीही, कोणत्याही मुलाला म्हणायचं नाही. चौकशी चार महिन्यांत संपवावी, फार तर दोन महिने वाढवावेत, असं कायदा म्हणतो. मंडळापुढची गर्दी वेगळंच म्हणते.

मुलं खोटं बोलतात का?

हो. तुम्ही-आम्हीही पोलिस चौकीत बोललो असतो. पकडायला जाऊ नका. ज्याने बापाची रिक्षा कंपनी असल्याचं सांगितलं, तो दोन महिन्यांनी बापाला बघितलंच नसल्याचं सांगेल. त्या वेळी ‘मग तेव्हा का म्हणालास’ असं विचारणारा माणूस या कामाचा नाही.

एकदा खऱ्या जेलमध्ये नेऊन दाखवलं तर सुधारणार नाहीत का?

अमेरिकेत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. जन्मठेपेच्या कैद्यांकडून मुलांना दरडावून घेतलं गेलं. पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की अशा भेटी न दिलेल्या मुलांपेक्षा या मुलांनी जास्त गुन्हे केले. आपल्याकडे तर काही पोरांना येरवड्याचं नाव हीच प्रतिष्ठा वाटते. भीतीचा डोस त्यांना घरी, वस्तीत, चौकीत पोटभर मिळालेला असतो. व्याख्यानांचंही तेच. पाहुणे येतात, सुविचार सांगतात, केळी वाटतात, फोटो काढायला जातात आणि अधीक्षक अडवतात म्हणून नाराज होतात.

फोटो का नाही काढायचा? चेहरा झाकून?

बाल न्याय कायद्याचं कलम ७४. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, किंवा त्याची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाठमोरा फोटो, हातावरचा टॅटू, ‘आज आमच्या छोट्या मित्रांसोबत’ असा स्टेटस यातलं काही नको.

पैसे, मोबाईल नंबर, भेटवस्तू?

पैसे नाहीत. नंबर संस्थेचा द्यायचा, स्वतःचा नाही. ‘घरी एक फोन लावून द्या ना दादा’ हा आग्रह होणार. तो अधीक्षकांकडे न्या, तुमच्या खिशातून फोन काढू नका. गायछाप, गुटखा, मावा तर प्रश्नच नाही: मुलाला अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वाढदिवसाला केक आणायचा तर आधी विचारून आणि सगळ्यांना पुरेल एवढा.

मुलाने विश्वासाने काही सांगितलं, तर ते गुप्त ठेवायचं ना?

बरंचसं ठेवायचं. सगळं नाही. हे त्याला पहिल्याच महिन्यात सांगून टाका, त्याने काही सांगायच्या आधी.

लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं, मग तो त्याच्यावर झालेला असो की दुसऱ्या मुलावर, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर त्याच दिवशी अधीक्षक आणि समुपदेशकांना सांगा. मूल घरी असेल तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. निरीक्षणगृहातच मारहाण होते असं कळलं, तर गप्प बसून ‘संबंध बिघडतील’ म्हणायचं नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ अशाच क्रूरतेसाठी आहे. मंडळाला लेखी कळवा, किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर सांगा.

उरला प्रश्न त्याच्या स्वतःच्या केसचा. तुम्ही वकील नाही. वकिलाला जी गोपनीयता कायद्याने मिळते ती तुम्हाला मिळत नाही, साक्षीला बोलावलं तर जावं लागेल. म्हणून घटनेचे तपशील काढूच नका. तो सांगू लागला तर ‘हे तुझ्या वकिलाला सांग’ म्हणा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, १५१०० ही त्यांची हेल्पलाइन.

प्रेमप्रकरणातून पोक्सोखाली आलेल्या मुलाशी काय बोलावं?

अशी मुलं बरीच भेटतात. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, तेवढीच मुलगी, दोघं पळून गेली, मुलीच्या घरच्यांनी तक्रार केली. ‘ती पण आली होती ना माझ्यासोबत’ हे त्याचं म्हणणं खरं असू शकतं. कायद्यात संमतीचं वय १८ आहे, तिची संमती इथे धरली जात नाही, हे त्याला साध्या शब्दांत सांगावं लागतं, कारण अनेकदा आपण आत का आहोत हेच त्याला कळलेलं नसतं. मुलीबद्दल वाईट बोलून त्याला बरं वाटवू नका. निरोप पोचवू नका, चिठ्ठी तर नाहीच.

पारधी, वडार वस्तीतली मुलं जास्त पकडली जातात. त्यांच्यात ते असतंच का?

नाही. हा प्रश्न मवाळ शब्दांत, चहाच्या वेळी, बऱ्या लोकांकडून येतो म्हणून इथे घेतला आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने पुढे अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण वस्तीजवळ चोरी झाली की पहिलं दार कुणाचं वाजतं हे बदललेलं नाही. अशा मुलाचं पकडलं जाणं त्याच्याबद्दल जेवढं सांगतं तेवढंच पकडणाऱ्याबद्दलही सांगतं. हे पटत नसेल तर या कामात येऊ नका, असं आम्ही बैठकीत स्पष्ट सांगतो.

मुलगा सुटला की काम संपलं?

तिथे सुरू होतं. आतल्या भेटी म्हणजे ओळख करून घेणं. बाहेरचे पहिले तीन-चार महिने निभावले तर पुष्कळ काही निभावतं, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक मार्गदर्शक ‘आता तो घरी गेला’ म्हणून येणं सोडतात.

तो वस्तीत परततो तेव्हा काय होतं बघा. चौकातली मंडळी त्याला खांद्यावर घेतात, ‘भाई आला’ म्हणून रील टाकतात. शाळेने नाव कमी केलेलं असतं. आई म्हणते, मामाकडे गावी पाठवते. चौकीतून बोलावणं येतं, कारण परिसरात काही झालं की यादीत त्याचं नाव. आणि ज्याच्या नादाने तो कोयता घेऊन फिरला होता, तोच रात्री जेवायला नेतो. मुलाला टोळीत वापरणाऱ्या मोठ्या माणसासाठी कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे; पण ‘भाई’च्या विरोधात त्या सोळा वर्षांच्या पोराने बोलावं ही अपेक्षा भाबडी आहे. त्याला त्या टेबलापासून उठायला कारण द्यावं लागतं. संध्याकाळी सात ते दहा तो कुठे असेल, हा प्रश्न आम्ही सुटकेच्या आधीच सोडवायला घेतो. तालीम, रात्रशाळा, गॅरेज, गणेश मंडळाचं ढोलपथक, काहीही चालतं.

मग तारखा. परिविक्षेवर सोडलेल्या मुलाला पीओंकडे हजेरी असते, चौकशी चालू असेल तर मंडळाची तारीख असते. चुकली की सगळं फिसकटतं. पहिल्या काही तारखांना सोबत जा. तिथे करायचं काहीच नसतं, बाकावर बसायचं असतं. आई विचारते, ‘साहेब काय म्हणाले?’ आणि तुम्ही पुढची तारीख तिच्या पिशवीतल्या कागदावर मराठीत, ठळक अक्षरात, वारासकट लिहून देता. एवढंच काम असतं आणि ते दुसरं कुणी करत नाही.

शिक्षणाचं काय करायचं?

आधी कागद शोधा: आधार, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला. तीन शाळा बदललेल्या मुलाचा दाखला कुठे अडकला आहे हे शोधण्यातच महिना जातो, आणि मुख्याध्यापकांपुढे मुलाची केस उगाळायची गरज नसते. ‘दाखला हवा आहे’ एवढं पुरतं. शाळा सुटलेली असेल तर दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, म्हणून पावसाळ्यातच चौकशी करा. दहावी नको म्हणत असेल तर आयटीआयचे काही ट्रेड बघा. त्याला काय व्हायचंय हे विचारलं तर ‘पोलिस’ असं उत्तर इतक्या वेळा येतं की आता हसू येत नाही.

पुढे नोकरीत, पोलिस भरतीत हे रेकॉर्ड आडवं येईल का?

कलम २४ नुसार बालपणीच्या गुन्ह्यामुळे कोणतीही अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद एक: सोळा ते अठरा वयात निर्घृण गुन्हा, आणि बाल न्यायालयाने (मंडळ नव्हे, सत्र पातळीचं न्यायालय) प्रौढ म्हणून खटला चालवून दोषी ठरवलं असेल तर. प्रत्यक्षात पडताळणीच्या वेळी जुनी नोंद निघते आणि मुलाला परत पाठवतात. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा मंडळाच्या आदेशाची प्रत आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील घेऊन जावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बालपणीच्या प्रकरणावरून उमेदवाराला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या नोकरीतून डावलणं चुकीचं ठरवलं आहे, हे वकिलाला सांगून ठेवा. मंडळाच्या आदेशाची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत ठेवायला आईला सांगा. पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरतं.

अठराच्या आत काम लावून देताना लक्षात ठेवा: चौदाखाली काम नाही, चौदा ते अठरा धोकादायक उद्योगात नाही.

पुन्हा पकडला गेला तर?

होईल कधीतरी. मागच्याच वारी, मागच्याच वेळी जा. रागावला असाल तर रागावलो आहे म्हणा, पण या.

सोल्युशन, व्हाइटनर, गोळ्यांची सवय असेल तर?

तुमच्या आवाक्यातलं नाही. शपथा घ्यायला लावू नका. व्यसनमुक्ती उपचारासाठी मंडळ आदेश देऊ शकतं. पीओंमार्फत ते करून घ्या आणि केंद्रात भेटायला जात राहा.

खुनाच्या केसमधल्या मुलासोबत बसायला भीती वाटते.

वाटू दे. कर्मचारी जवळपास असतात, भेट उघड्या जागी होते, बंद खोलीत एकट्याने बसायची परवानगी आम्ही देतच नाही. ते मुलाच्या सुरक्षिततेसाठीही आहे. सात वर्षं किंवा जास्त किमान शिक्षेच्या गुन्ह्यात सोळा वर्षांवरच्या मुलाचं मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं आणि खटला बाल न्यायालयाकडे जाऊ शकतो. त्या महिन्यांत मुलगा झोपत नाही, खेळत नाही. फाशी होईल का, असं विचारतो. बालकाला फाशी देता येत नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. हे मात्र छातीठोक सांगता येतं, तेव्हा सांगा.

मुलींसाठीही हेच काम आहे का?

आहे, संख्या कमी. त्यांच्यासाठी फक्त महिला मार्गदर्शक घेतो. मुलीची गोष्ट अनेकदा घरातूनच बिघडलेली असते, त्यामुळे ‘घरी परत’ हे उत्तर इथे घाईने देऊ नये.

दर आठवड्याला येणं जमणार नाही. दुसरं काही करता येईल?

पुष्कळ. गॅरेज, सुतारकाम, केटरिंग, मोबाईल दुरुस्ती असा व्यवसाय असेल तर सुटलेल्या एका मुलाला शिकाऊ म्हणून घ्या. पहिल्या महिन्यात तो दोनदा दांडी मारेल, तेव्हा काढण्याआधी आम्हाला फोन करा. वकील असाल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत नाव द्या. गणित शिकवता येत असेल तर १७ नंबरच्या मुलांना परीक्षेआधीचे दोन महिने फार अडतं. आणि कॅरमच्या सोंगट्यांचा पूर्ण संच, राणीसकट, पावडरच्या दोन डब्यांसोबत संस्थेच्या ऑफिसात आणून दिलात तरी चालेल, पावती मिळेल.